सगळा दोष बुटांचाच?

पळणाऱ्यांसाठीच्या बुटांवरच्या लेखात गुडघेदुखीचं सगळं खापर चुकीच्या बुटांवर फोडलंय, ते मला अर्धंच पटलं. माझा उजवा गुडघा धरला तेव्हा मीही आधी बूटच बदलले, तेही सगळ्यात जाड गादीचे. दुखणं जसंच्या तसं. जिना चढताना विशेष नाही, पण उतरताना वाटीच्या मागे कोणी बोट रुतवल्यासारखं व्हायचं. फिजिओथेरपिस्टने बुटांकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "गेल्या महिन्यात किती पळालात?" आठवड्याला १२ किलोमीटरवरून मी तीन आठवड्यांत थेट ३० वर गेलो होतो! मग अंतर निम्मं केलं, मांडीचे आणि कमरेचे व्यायाम धरले, पावलं आखूड आणि जरा भरभर टाकायला शिकलो. मिनिटाला पडणारी पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. दोन महिन्यांत जिना विनातक्रार उतरू लागलो.

आणि ते ओल्या पायाचा ठसा बघून, म्हणजे तळव्याची कमान किती उंच ते ताडून, बूट निवडणं? अमेरिकी सैन्यात नव्या भरतीवर तळव्याच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. त्यापेक्षा संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पळायचेच मोजे घालून बूट घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि दुकानातच चार पावलं पळून बघायला लाजू नका. 'वापरून सैल होतील' म्हणून घेतलेला बूट माझ्याकडे अजून कोराच पडलाय.