अल्बमच्या शीर्षकातला कंस: आधी गायक, मग साल

नमस्कार. एकाच नावाच्या अल्बमांवरचे विश्वकोशीय लेख कोणत्या शीर्षकाखाली ठेवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर हरकती घेतल्या आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. मी त्यात सुचवलं होतं ते असं: अल्बमच्या नावापुढे कंसात आधी गायकाचं नाव द्यावं, त्यानेही भागलं नाही तरच साल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंसात गायकाचं नाव घातलं की शीर्षक लांबतं, त्यापेक्षा सरसकट साल द्यावं. सगळ्यात गाजलेल्या अल्बमला नुसतं '(अल्बम)' पुरावं, इंग्रजी विकिपीडियावर मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला पुरतं तसं. आणि सीमाभागात गाणी दोन्ही भाषांत ऐकली जातात, तर कन्नड नावही शीर्षकात यावं.

सालाचा मुद्दा आधी घेऊ, कारण खरा घोळ तिथेच होतो. बेळगावच्या खडेबाजारात जुनी कॅसेट शोधणारा माणूस 'भीमसेनांची अभंगवाणी आहे का?' असं विचारतो. साल कुणी विचारत नाही. शोधपेटीतही तो हेच टाइप करणार. आणि मुळात भक्तिसंगीताच्या अल्बमचं साल ठरवणं सोपं नसतं. तेच ध्वनिमुद्रण आधी एलपी तबकडीवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर येतं. वेष्टनावर दोन सालं दिसली तर नीट बघा: वर्तुळातल्या 'सी'पुढचं साल मुखपृष्ठ आणि छापील मजकुराच्या हक्काचं, वर्तुळातल्या 'पी'पुढचं ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं. पुष्कळ जण पहिलं उचलतात आणि तिथेच चुकतात. जुन्या तबकडीवर सालच नसेल तर लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक आणि शेवटच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्यावा. दोन आवृत्त्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या आहेत का, हे त्यावरून पुष्कळदा उलगडतं. मोबाइल ॲपमधल्या सालावर मात्र अजिबात विसंबू नये, ते बऱ्याचदा डिजिटल आवृत्तीचं असतं. शीर्षकात चुकीचं साल गेलं की इतर संकेतस्थळं ते उचलतात आणि काही दिवसांनी तेच पुरावा म्हणून आपल्यासमोर ठेवलं जातं.

साल हवंच, पण गायकाच्या नावानेही दोन अल्बम वेगळे होत नसतील तेव्हा. पीटर गॅब्रिएलचे पहिले चार एकल अल्बम त्याच्याच नावाचे आहेत: १९७७, १९७८, १९८० आणि १९८२. तिथे सालाशिवाय इलाज नाही. चौथा अमेरिकेत 'सिक्युरिटी' या नावाने निघाला. अशी दुसरी नावं पुनर्निर्देशनात, म्हणजे वाचकाला आपोआप मूळ लेखाकडे नेणाऱ्या पानात, ठेवायची, लेखाचं शीर्षक त्यासाठी बदलायचं नाही.

आता लांबी. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी प्रणालीत शीर्षकाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजून. 'अभंगवाणी (भीमसेन जोशी अल्बम)' हे अख्खं शीर्षक ७४ बाइटांत बसतं. तेव्हा अडचण असलीच तर डोळ्यांना, प्रणालीला नाही.

'थ्रिलर'चं उदाहरण इथे लावू नये. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या अल्बमला तो अर्धा कंस, म्हणजे गायकाचं नाव नसलेला, मिळाला तो अपवाद म्हणून, आणि तोही पुष्कळ वादानंतर. आपल्याकडे 'हरिपाठ' घ्या. कंसाशिवायचं शीर्षक संतरचनेचं, आणि त्यातही ज्ञानदेवांखेरीज निवृत्तिनाथ, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांचे हरिपाठ आहेतच. गायलेत तर कितीतरी जणांनी. 'हरिपाठ (अल्बम)' वाचून वाचकाला काय कळणार? गाजलेला कोणता, हे निपाणीत एक ठरेल आणि पंढरपुरात दुसरं.

कन्नडचा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, पण त्याची जागा शीर्षक नव्हे. कन्नड लेख विकिडेटा या सगळ्या भाषांच्या सामायिक माहितीकोशावरून जोडला जातो, तिथल्या नोंदीत दोन्ही भाषांतली नावं आणि उपनावं घाला. मराठी लेखाच्या पहिल्या वाक्यात मूळ कन्नड नाव कन्नड लिपीत जरूर द्या. एक प्रसंग मात्र वेगळा. 'दासवाणी' म्हटलं की कन्नड घरात संतकवी पुरंदरदास आठवतात आणि मराठी घरात समर्थ रामदासही. एकाच गायकाचे एकाच नावाचे दोन अल्बम, एक कन्नड आणि एक मराठी, असतील तर सालापेक्षा '(अमुक गायक कन्नड अल्बम)' बरं. वाचकाला तो फरक आधीच माहीत असतो.

तुम्ही काही लेख स्थानांतरित करणार असल्याचं लिहिलंय, म्हणून क्रम सांगून ठेवतो. आधी 'येथे काय जोडले आहे' उघडून जुन्या शीर्षकाकडे येणारे दुवे पाहा आणि एकेक दुवा योग्य अल्बमकडे वळवा. मग लेख हलवा. निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाच्या लेखांची यादी देणारं पान, त्या जागी शेवटी बसवा. उलट केलंत तर सगळे जुने दुवे त्या पानावर येऊन थांबतात आणि कोणत्या लेखाला कोणता अल्बम अभिप्रेत होता, ते शोधत बसावं लागतं. पुनर्निर्देशनाकडे जाणारं पुनर्निर्देशन राहू देऊ नका. प्रणाली एकच उडी मारते, दुसरी नाही. निःसंदिग्धीकरण पानावर दर ओळीला एकच दुवा द्या, पुढे गायक आणि साल. लेख नसेल तर गायकाच्या लेखाचा दुवा पुरे.

टंकलेखनाकडेही लक्ष असू द्या. कंसाआधी मोकळी जागा द्यायची राहिली की वेगळं पान तयार होतं. 'निः'मध्ये विसर्गाऐवजी कोलन पडला तरी तेच, आणि 'वाऱ्या'सारख्या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी उमटतो, दिसायला हुबेहूब, प्रणालीला निराळा. म्हणून नवं शीर्षक हाताने टाइप करण्याऐवजी आधीच्या लेखातून चिकटवा. आकडे देवनागरीत ठेवा आणि इंग्रजी आकड्यांच्या (1, 2, 3) शीर्षकावरून पुनर्निर्देशन करून द्या.