‘लिबरल’ हे नाव कुणी पळवलेलं नाही

गेले काही महिने एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरा उदारमतवाद (लिबरलिझम) ॲडम स्मिथ आणि जॉन स्टुअर्ट मिल या जुन्या ब्रिटिश विचारवंतांचा. सरकारने सीमा राखावी, चोर पकडावा, करार पाळायला लावावेत आणि बाकी सगळ्यातून अंग काढून घ्यावं. विसाव्या शतकात समाजवाद्यांनी ‘लिबरल’ हे नाव पळवलं. गरिबीचा आणि स्वातंत्र्याचा काही संबंध नाही. आणि आपले रानडे-गोखले त्या जुन्या, अस्सल परंपरेतले. मजकूर नेटका लिहिलेला आहे, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत माझे चांगलं वाचन असलेले मित्रही आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

“स्मिथला फक्त चौकीदार सरकार हवं होतं.”

स्मिथने १७७६ साली सरकारची तीन कामं सांगितली. संरक्षण आणि न्याय ही दोन सगळ्यांना आठवतात. तिसरं काम म्हणजे ज्यात एकट्यादुकट्याला नफा नाही पण समाजाचं मोठं हित आहे अशी बांधकामं आणि संस्था: रस्ते, पूल, कालवे, शाळा. जन्मभर एकच साधी क्रिया करत राहणाऱ्या कामगाराची बुद्धी बोथट होत जाते आणि सरकारने लक्ष घातलं नाही तर ते टळत नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. बँकांनी अगदी छोट्या रकमेच्या नोटा काढू नयेत, हा निर्बंधही त्याला मान्य होता. नैसर्गिक स्वातंत्र्याला त्यामुळे बाध येतो हे तो कबूल करतो. पण आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधायची सक्ती करणं हा त्याच जातीचा निर्बंध आहे, असं त्याचं उत्तर आहे. मिलने १८४८ मध्ये सरकारने ढवळाढवळ न करणं हा सर्वसाधारण नियम मानला, आणि पुढे अपवादांची लांबच लांब चर्चा केली. त्यात शिक्षण आहे, मुलांची मजुरी आहे, गरिबांना मदत आहे, कामाचे तासही आहेत.

मजकुरातली एक गोष्ट मात्र बरोबर आहे. सरकारने हात घालायचा तर त्याची गरज सरकारने पटवून द्यावी, असं या दोघांना वाटे. नव्या उदारमतवाद्यांनी, म्हणजे गरिबांसाठी सरकारने पुढे यावं म्हणणाऱ्यांनी, ते ओझं बरंच हलकं केलं. मालमत्तेचा हक्क जुन्यांना जवळजवळ स्वातंत्र्याइतकाच मूलभूत वाटे. नव्यांच्या लेखी तो समाजाने घडवलेला, आणि म्हणून समाजाने तपासून पाहावा असा हक्क आहे. मतभेद खरा आहे. पण तो एका घराण्यातल्या दोन पिढ्यांचा आहे.

“समाजवाद्यांनी नाव पळवलं.”

ही तक्रार १८८४ पासूनची आहे. ती हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने केली, आणि त्याचा आरोप समाजवाद्यांवर नव्हता. खुद्द ब्रिटनच्या लिबरल पक्षावर होता. स्वतःला लिबरल म्हणवणारे बहुतेक जण आता नव्या प्रकारचे टोरी, म्हणजे विरोधातल्या पुराणमतवादी पक्षासारखे, झाले आहेत, असं तो म्हणाला. म्हणजे तेव्हाही बदल घरातूनच होत होता. १९०६ च्या निवडणुकीत लिबरलांना सुमारे ४०० जागा मिळाल्या, मजूर पक्षाला २९. त्याच लिबरल सरकारने १९०८ साली सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन दिलं. १९११ साली आजारपणाचा विमा आणला, त्यात कामगाराचे ४ पेन्स, मालकाचे ३ आणि सरकारचे २. याला विरोध करणाऱ्यांत मजूर पक्षाचे फिलिप स्नोडन आणि जॉर्ज लॅन्सबरी होते, कारण गरिबाच्या मजुरीतून वर्गणी कापणं त्यांना पटत नव्हतं. समाजवाद्यांनीच हे घडवून आणलं असतं, तर समाजवादीच त्याच्या आड का आले असते?

“स्वातंत्र्य म्हणजे कुणी आडकाठी न करणं. गरिबी ही आडकाठी नव्हे.”

सगळा मजकूर या एका वाक्यावर उभा आहे. मजकूर महाराष्ट्राचं नाव घेतो, म्हणून उत्तरासाठी मीही इथलीच गोष्ट घेतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती खतं, म्हणजे कर्जाचे कागद. सावकारांना मारहाण फार झाली नाही, खतांची मात्र होळी झाली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो कोसळला. त्यातच सारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर, वाढला. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी वसुली काढली.

आता ते खत डोळ्यांपुढे आणा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने जुनी कर्जं तीन वर्षांनंतर कोर्टात टिकेनाशी झाली. हेतू शेतकऱ्याच्या रक्षणाचा. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला, आणि थकलेलं व्याज मुदलात धरू लागला. शेतकऱ्याला वाचता येत नाही. बी-बियाण्याला आणि साऱ्याला पैसा हवा, आणि तो देणारा गावात दुसरा कुणी नाही. तो अंगठा उठवतो. कोर्ट खत पाहतं, अंगठा पाहतं, आणि जप्तीचा हुकूम देतं. मजकुराच्या व्याख्येप्रमाणे हा माणूस पूर्ण स्वतंत्र आहे. कुणी त्याचा हात धरून अंगठा उठवलेला नाही.

१८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. कोर्टाने नुसतं खत पाहून निकाल देऊ नये, व्यवहार पहिल्यापासून उकलून मुद्दल किती आणि व्याज किती ते तपासावं, असं त्याने ठरवलं. कर्जापायी होणारी कैदही बंद केली. कराराच्या कागदामागे जाऊन त्यामागची माणसं पाहणारा हा कायदा होता. यावर ‘कराराचं स्वातंत्र्य बुडालं’ म्हणणारे तेव्हाही होते.

दोनच वर्षांनी, १८८१ च्या जानेवारीत, ऑक्सफर्डचे प्राध्यापक टी. एच. ग्रीन यांनी लेस्टर इथे भाषण दिलं. विषय कराराचं स्वातंत्र्य. त्यांच्या डोळ्यांपुढे आयर्लंडची कुळं होती, सुप्याचे शेतकरी नव्हते. पण प्रश्न तोच होता. त्यांचं म्हणणं असं: स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार कुणी राजीखुशीने केला तरी आपण तो मानत नाही. म्हणजे करार हा स्वातंत्र्यासाठी असतो, हे आपण आधीच कबूल केलेलं आहे. आणि स्वातंत्र्य म्हणजे नुसती बंधनं नसणं नव्हे. इतरांच्या बरोबरीने, करण्याजोगं काही करण्याची खरी ताकद म्हणजे स्वातंत्र्य. आधुनिक उदारमतवादाचं बीज इथे आहे. राजाच्या मनमानीपासून माणसाला सोडवायचं, हा सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज विचारवंताच्या काळापासूनचा ध्यास होता. ग्रीन यांनी तोच ध्यास जमीनदारापर्यंत आणि गिरणीमालकापर्यंत नेला. सुप्याच्या त्या अंगठ्यामागे जबरदस्ती नव्हती, असं मला तरी म्हणवत नाही.

“आधुनिक उदारमतवाद म्हणजे समाजवादच.”

मंदीत सरकारने खर्च करावा म्हणणारा अर्थतज्ज्ञ केन्स आणि ब्रिटनची सामाजिक विम्याची योजना आखणारा बेव्हरिज, दोघेही लिबरल होते. बाजार मोडावा असं केन्सला वाटत नव्हतं, तो चालू राहावा असं वाटत होतं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये न्यायाची दोन तत्त्वं मांडली. त्यांत समान मूलभूत स्वातंत्र्याला पहिलं स्थान आहे, आणि आर्थिक फायद्यासाठी त्या स्वातंत्र्याची देवघेव करता येत नाही. उलट बाजूने, मजकूर ज्याला आपला मानेल त्या मुक्त बाजाराच्या कैवारी हायेकने १९४४ च्या पुस्तकात, सुबत्ता आलेल्या समाजात प्रत्येकाला अन्न, वस्त्र, निवारा किमान मिळण्याची हमी आणि सामाजिक विम्याची व्यवस्था या गोष्टी स्वातंत्र्याला बाधक नाहीत, असं लिहिलं.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं. सावकाराच्या हातातली सत्ता काढून साहेबाच्या टेबलावर ठेवली, की ती तिथेही तशीच वागू शकते. सी. राजगोपालाचारी यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला आणि परवाना-राजवर तुटून पडले. सिमेंटपासून कारखान्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी दिल्लीचा कागद लागणं ही माणसाची मुस्कटदाबीच होती, आणि ते म्हणणाऱ्यांची टिंगल करण्यात आपण फार वर्षं घालवली. सरकारकडे संशयाने पाहण्याची जुन्यांची सवय नव्यांनी सोडली तर तो तोटा आहे. पण परवान्याची जाचक सक्ती वेगळी आणि पेन्शन वेगळं. दोन्हींना एकच नाव दिलं की विचार थांबतो.

“रानडे-गोखले जुन्या वळणाचे होते.”

रानडे पुढे त्याच रिलीफ ॲक्टखालचे विशेष न्यायाधीश झाले. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू नाहीत, आणि इथे उद्योग उभे राहायचे तर सरकारने हातभार लावला पाहिजे, हे त्यांनी १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं कायद्याने ठरवलेलं किमान वय, १० वरून १२ वर आलं. ‘सरकारने आमच्या घरात शिरू नये’ ही बाजू टिळकांनी घेतली. मिल आणि स्पेन्सर दोघांनाही कोळून प्यायलेले आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

आणि गोखले. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करता यावी, गरिबांना फी माफ असावी, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. सक्ती, कर आणि सरकारी खजिना, मजकुराला जे जे नको ते सगळं या एका विधेयकात आहे. वर्षभराने ते चर्चेला आलं, तेव्हा आज हे विधेयक फेटाळलं जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, असं गोखले सभागृहातच म्हणाले. बाजूने १३ मतं पडली, विरोधात ३८. त्या दिवशी मजकुराचं मत कोणत्या बाजूला पडलं असतं, हे तो पाठवणाऱ्यांनी गोखल्यांचं नाव घेण्याआधी सांगावं.