फुल फ्रेम आणि तूरडाळ

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला झाला आणि निकॉनने झेड ५ टू हा फुल फ्रेम कॅमेरा जाहीर केला ३ एप्रिलला. जपानी कंपनीला आपल्या साडेतीन मुहूर्तांचं सोयरसुतक असायचं कारण नाही, हे मान्य. तरी चार दिवस आधी उरकलं असतं तर त्यांचं काय जात होतं? 'पाडव्याची खरेदी' म्हणून कॅमेरा सन्मानाने घरात आला असता. आता तो नुसताच खर्च झाला.

"अक्षय्य तृतीया आहे ना ३० एप्रिलला," मी आपलं सुचवून पाहिलं.

"आहे ना. त्या दिवशी सुरू केलेलं कधी संपत नाही म्हणतात," बायको म्हणाली. "हप्ते धरून."

हा कॅमेरा हौशी लोकांसाठी आहे, असं सगळे सांगतात. लग्नाचे फोटो काढणारा माझा एक मित्र आहे. नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची झाली की तो दोन सीझनचा हिशेब मांडतो आणि पैसे टाकून मोकळा होतो. ज्याच्याकडे बक्कळ आहेत तो हिशेबही मांडत नाही. मधे उरतो तो हौशी. बॉडीची किंमत दीड लाखाच्या घरात, म्हणजे 'छे, शक्यच नाही' म्हणून सोडून द्यावी इतकी जास्त नाही आणि 'चला, घेऊन टाकू' म्हणावं इतकी कमी नाही. या किमती कोण ठरवतं कोण जाणे, पण माझ्या फिक्स डिपॉझिटची त्याला खडान्‌खडा माहिती असावी.

फुल फ्रेम म्हणजे काय, हे आईला समजावून सांगायची चूक टाळता आली असती, पण घरात एक तरी मत आपल्या बाजूने हवं. ती वाल सोलत बसली होती. म्हटलं, यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, जुन्या रोलमधल्या एका फोटोएवढा. जर्मन तंत्रज्ञ ऑस्कर बारनाकने सिनेमाची फिल्म आडवी धरून दोन चौकटींची एक चौकट केली आणि १९२५ साली त्याचा लायका कॅमेरा बाजारात आला तेव्हापासून हे माप रूढ झालं, असा इतिहासही ऐकवला.

"म्हणजे शंभर वर्षांपूर्वी होतं तेवढंच?"

"तेवढंच."

"मग नवीन काय त्यात?"

उत्तर आहे, पण ते वाल सोलणाऱ्या माणसाला पटण्यासारखं नाही. माझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा याचं क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन पट. त्यामुळे अंधारात एका स्टॉपपेक्षा, म्हणजे दुप्पट उजेडापेक्षा, थोडा जास्त फायदा. लालबागच्या गर्दीत, विसर्जनाच्या रात्री, देवळाच्या गाभाऱ्यात फोटोवर रव्यासारखे दाणे कमी दिसतील. शिवाय हा उणे १० ईव्हीपर्यंतच्या, म्हणजे जवळजवळ काळोखच म्हणावा अशा, उजेडात फोकस करतो, म्हणजे आमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा सोसायटीने बदलला नाही तरी चालेल. मात्र हा आकडा एफ १.२ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, लेन्स लावल्यावरचा आहे, आणि ५० एमएमची तसली लेन्स बॉडीपेक्षा महाग आणि किलोपेक्षा जड. त्यापेक्षा बल्ब बदललेला बरा.

माझा आत्ताचा कॅमेरा म्हणजे निकॉनचाच डी ७०००. २०१० सालचं मॉडेल, १६.२ मेगापिक्सेल. त्याचा सगळ्यात मोठा दोष असा की तो बिघडत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात भल्याभल्यांच्या लेन्समध्ये बुरशी जाळी विणते. माझ्या लेन्स पापडाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात, त्यामुळे ठणठणीत आहेत. (पापड त्या दिवसांपासून सादळलेले असतात, पण तो विषय आमच्याकडे काढायचा नसतो.) कॅमेरा जरा जरी खोकला असता तरी मी त्याचं शेवटचं दुखणं जाहीर करून मोकळा झालो असतो. दर रविवारी मी मोठ्या आशेने शटर दाबतो. खट्‌कन फोटो निघतो.

"जुन्या लेन्स नव्याला चालतात," असा दिलासा मला बऱ्याच जणांनी दिला. मग मी तो कागदावर मांडला. निकॉनचा जुना माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची खाच, १९५९ पासूनचा, नवा झेड माउंट वेगळा, म्हणून आधी मधे एक अडॅप्टर घ्यायचा. माझी ५० एमएमची लेन्स डी मालिकेतली. तिला स्वतःची मोटर नाही, ती बॉडीच्या मोटरवर फिरते, आणि अडॅप्टरमध्ये मोटर नाही. म्हणजे ती चालेल, पण फोकस हाताने करायचा. उरली दुसरी लेन्स, १८-१०५ ची झूम. ती छोट्या सेन्सरसाठी केलेली, त्यामुळे मोठ्या सेन्सरचा मधलाच तुकडा तिच्या वाट्याला येतो, आणि साडेचोवीस मेगापिक्सेलमधले हाती लागतात दहाच्या आसपास. यात कंपनीचा काही दोष नाही, भूमितीचा आहे. पण दीड लाख मोजून, वर अडॅप्टर घेऊन, सोळावरून दहावर यायचं, ही प्रगती बायकोला कोणत्या तोंडाने सांगायची? हा कागद मी पासबुकात घालून ठेवला आहे. तिथे मी सोडून कोणी बघत नाही, आणि हल्ली मीही बघत नाही.

तरी वस्तू हातात घेऊन बघायला हवीच. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे ऑफिस सुटल्यावर गेलो. "हाथ में लेके तो देखो साब," म्हणत दुकानदाराने काउंटरवर रेक्झिनचा तुकडा अंथरला आणि त्यावर कॅमेरा ठेवला, सोनार पाटल्या ठेवतो तसा. मी उचलला. मुठीची खोबण अशी खोल, की बोटं आपोआप आपापल्या घरी गेली. डोळा लावला तर ३६.९ लाख ठिपक्यांचा व्ह्यूफाइंडर. त्यातून ते कोंदट दुकान प्रत्यक्षापेक्षा बरं दिसत होतं. हा कॅमेरा माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, मोटार, मोटारसायकल, सायकल, ट्रेन आणि विमान अशा नऊ गोष्टी आपणहून ओळखतो. मी तो दुकानदारावर धरला. फोकसची चौकट त्याच्या चेहऱ्यावरून सरकली, क्षणभर घुटमळली आणि मागच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेल्या आजोबांच्या उजव्या डोळ्यावर जाऊन घट्ट बसली. हलेचना.

"ऑटोफोकस एकदम जबरदस्त है," दुकानदार म्हणाला.

ट्रेन ओळखतो, हे वाचून मी आधी हरखलो होतो. मग प्रश्न पडला की सकाळी साडेआठच्या फास्टला मुलुंड स्टेशनात हा नेमकं काय ओळखेल? दरवाजातून डबा दिसतच नाही, नुसती माणसंच दिसतात.

या गाडीवरूनच खरा प्रश्न उभा राहिला, तो वजनाचा. दीड लाखाची वस्तू रविवारपुरती कपाटातून काढायची ही चैन परवडायची नाही. ती रोज खांद्यावर हवी, येताजाता फोटो निघाले तरच हप्ता वसूल. बॉडी बॅटरी आणि कार्डासकट ७०० ग्रॅम, माझ्या जुन्यापेक्षा ८० ग्रॅमने हलकी. पण ती बचत लेन्स खाते. नव्या माउंटच्या २४-१२० लेन्सचं वजन ६३० ग्रॅम, जुन्या १८-१०५ चं ४२०. आणि भांडुप पंपिंग स्टेशनला जायचं तर लांबचं टिपणारी १८०-६०० लेन्स हवी. तिथे पक्षी बघणारी मंडळी एकमेकांना नमस्कार करण्याआधी लेन्स विचारतात, आणि माझं उत्तर ऐकून पुढे पक्ष्यांबद्दलच बोलतात, तेही पोपटांबद्दल. ती १८०-६०० स्टँडला अडकवायच्या कॉलरसकट दोन किलोंच्या वर. शिवाय ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी मे महिन्यापर्यंतच, म्हणजे घाई आहेच.

मग मी रीतसर चाचणी घ्यायची ठरवली. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवीत ७०० ग्रॅम तांदूळ भरले आणि वर मार्करने लिहिलं 'झेड ५ टू'. दुसऱ्या पिशवीत ६३० ग्रॅम तूरडाळ, तिच्यावर '२४-१२०'. तिसरीत दोन किलोंच्या वर साखर, 'एकशेऐंशी-सहाशे'. पहिल्या दोन पिशव्या कॅमेऱ्याच्या बॅगेत घालून ऑफिसला निघालो.

बॅग पाठीला लावून डब्यात चढायचं नसतं, ती पोटाशी धरायची असते, हे मुंबईत लहान मूलही जाणतं. घाटकोपरपर्यंत तांदूळ आणि डाळ माझ्या बरगड्यांत आणि समोरच्या काकांच्या पाठीत सारखी विभागली गेली होती. शेवटी काका वळायचा प्रयत्न करत म्हणाले, "अहो, त्या बॅगेत काय आहे एवढं? टोचतंय."

कॅमेरा म्हणायला जीभ उचलली होती. पण पिशवीची गाठ सैल झाली असावी, कारण काकांच्या शर्टाच्या कॉलरवर तांदळाचे दोन दाणे होते.

"तांदूळ," मी म्हणालो.

"ऑफिसला?"

"आणि थोडी डाळ."

यावर आसपासच्या चौघांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मला कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याने मिळवून दिली नव्हती. एकाने तर रॅकवर जागा करून दिली. मी नाही म्हणालो. रॅकवर ठेवायचं तर चाचणी कसली? शिवाय दीड लाखाचे तांदूळ रॅकवर ठेवून डोळा लागला तर?

खांदा दुखला, पण बेताचाच. मानेचा प्रश्न निराळा होता. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी पट्ट्याला साखरेची पिशवी अडकवून, गळ्यात घालून गच्चीवर फेऱ्या मारल्या. मधेमधे दोन्ही हातांनी साखर डोळ्यांपर्यंत उचलायची, घारीवर रोखायची, श्वास धरायचा. शेजारच्या इमारतीतल्या आजी बराच वेळ गॅलरीतून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी आईला फोन करून माझी चौकशी केली, आडवळणाने.

एवढं झाल्यावर निदान काहीतरी निकाल हाती यायला हवा होता. वजन पेलतं, असं खांदा म्हणतो. किंमत पेलत नाही, असं पासबुक म्हणतं. लेन्सचा कागद आहेच. मित्र म्हणतो बॉडी बघू नकोस, आधी लेन्स घे. पण नव्या माउंटची लेन्स जुन्या बॉडीला लागत नाही, हे त्याच्या लक्षात आणून दिल्यावर तो म्हणाला की मग दोन्ही घे. बायकोने मात्र अजून नाही म्हटलेलं नाही. ती स्पष्ट नाही म्हणाली असती तर कोणाच्या तरी नावाने बोटं मोडून मी मोकळा झालो असतो. ती फक्त म्हणते, "तुझं तू ठरव." इतकं क्रूर बोलायला ती कुठे शिकली, कळत नाही.

परवा अचानक नणंद, नणंदेचे यजमान आणि दोन मुलं जेवायला आली, म्हणजे माझीच बहीण आणि तिचा परिवार. मी ऑफिसातून आलो तेव्हा पानं वाढून झाली होती. आमटी झकास जमली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा बायको आतून म्हणाली, "डाळ संपली होती रे, म्हणून तुझी चोवीस-एकशेवीस अख्खी घातली. आणि एकशेऐंशी-सहाशेतली दोन वाट्या घेतलीय शिऱ्याला. आता ती जरा हलकी झाली असेल, बघ."