कॉन्टेसाला टर्बो लावायचा म्हणता?

प्रश्न नीलेशचा. घरी १.८ पेट्रोलची कॉन्टेसा क्लासिक उभी आहे, तिला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवायचाय. टर्बोही हेरून ठेवलाय, भंगारात निघालेल्या डिझेल पिकअपचा. नाशिकला गंगापूर रोडच्या कट्ट्यावर त्याने हे सांगितलं आणि चहा दोनदा मागवावा लागला. बोलणारे तिघे: नीलेश, अंबडला टूलरूम सांभाळणारा समीर आणि द्वारकेजवळ गॅरेज असलेले मोईनभाई. मी लिहून घेणारा, मधूनमधून नाक खुपसणारा.

मोईनभाई : आधी सांग, इंजिनात दम किती उरलाय? १८१७ सीसीचं इसुझू, नवं असताना कागदावर ८५-९० हॉर्सपॉवर. त्यात नाशिक ६०० मीटरवर. हवा विरळ, म्हणजे सहाएक टक्के इथेच गेले. कॉम्प्रेशन टेस्ट केलीस, सिलिंडर किती दाब धरतात ती?

नीलेश : गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, मोईनभाई.

मोईनभाई : सेल्फला तर माझा टेम्पो पण चालू होतो. इंजिन गरम कर, कॉइलची वायर काढ, चारही प्लग काढ. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मार आणि चौघांचे आकडे लिहून आण. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोड आणि परत मोज. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. अशा इंजिनावर टर्बो लावलास तर आठवड्यात निळा धूर.

नीलेशने मान डोलावली, पण त्याचं मन टर्बोतच होतं.

नीलेश : टर्बो तर टर्बो. डिझेलचा असला म्हणून काय झालं?

समीर : डिझेलचा धूर पूर्ण लोडवर ७५० अंशांच्या आसपास असतो. पेट्रोलचा ९०० ते ९५०. डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचं, म्हणजे धुराकडच्या कवचाचं, बीड त्या तापमानासाठी ओतलेलं नसतं, वेस्टगेटच्या (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापासून तडे जायला लागतात. व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा, असला तर आतली पाती अडकतात. आणि बऱ्याच डिझेल टर्बोला पाण्याचा जाकीट नसतो. पेट्रोल गाडी तापलेली असताना बंद केलीस की बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं.

नीलेश : हवा दाबणारा कॉम्प्रेसर तर तोच ना?

समीर : कॉम्प्रेसरची बाजू चालून जाईल, हे मान्य. पण मापात अजून एक गोम आहे. डिझेलचा वेस्टगेट छोटा. पेट्रोलचा धूर जास्त, तो तिथून पुरेसा निघत नाही. तू ०.४ बारवर लावलंस तरी वरच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, सरकत ०.७ वर जाईल. मारतं ते तेच.

इथे मी माझं मत टाकलं: वाचवायचे असतील तर इतर कशातही वाचव, टर्बोत नको. छोट्या पेट्रोल गाडीतून निघालेला, पाण्याने थंड होणारा टर्बो घे. दांडा हाताने हलवून बघ. आडवा अगदी किंचित हलला तर ठीक. पुढे-मागे हलला किंवा पातं हाउसिंगला घासल्याची खूण दिसली तर तिथेच ठेवून ये.

मग बूस्टवर गाडी आली. नीलेशला एक बार हवं होतं. समीरने मोबाइल काढून हिशेब मांडला. नाशिकची हवा ०.९४ बार, तिच्यावर ०.४ चढवलं की दाबाचं गुणोत्तर १.४३. मे महिन्यात ४० अंशांची हवा आत घेतली तर टर्बोतून ती नव्वदीच्या घरात बाहेर पडते. इंटरकूलरने (ही हवा थंड करणाऱ्या जाळीने) पन्नास-पंचावन्नवर आणली तर इंजिनवर १०५-११० हॉर्सपॉवर मिळतील. जुने पिस्टन, जुनी हेड पॅकिंग आणि पंपावरचं साधं पेट्रोल यांना एवढंच झेपतं.

नीलेश : एवढा खटाटोप करून पंचवीस हॉर्सपॉवर?

मोईनभाई : आणि टॉर्क. तो तुला अडीच हजार आरपीएमलाच मिळेल, कॉन्टेसा जिथे रेंगाळते तिथे. इगतपुरीकडे कसारा घाट चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागणार नाही. पण त्याच घाटात सलग काही मिनिटं बूस्ट चालू राहतो. सिग्नलवरचा झटका इंजिन सहन करतं, घाट सहन करत नाही. तेव्हा आधी रेडिएटर नव्या कोअरचा, झाकण नवं आणि इलेक्ट्रिक फॅन.

बूस्ट वाढला की भीती नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटण्याची. हे दुखणं जुनं आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिलने जेटफायर काढली, टर्बोवाली व्ही-८. कॉम्प्रेशन रेशो १०.२५ ठेवला आणि नॉकिंग आवरायला मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं. लोक ती टाकी भरायचं विसरले. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब (कार्ब्युरेटर) बसवून द्यायला सुरुवात केली. कारखान्याला जे जड गेलं ते आपल्याला कसाऱ्यात सोपं जाणार नाही.

सगळ्यात लांबलेला वाद पेट्रोल द्यायचं कसं यावर. नीलेशला कार्ब ठेवायचा होता.

मोईनभाई : ठेवता येतो. कार्ब टर्बोच्या आधी लावला तर पेट्रोल कॉम्प्रेसरमधून जातं. मग इंटरकूलर लावायचा नाही, त्यात पेट्रोल साचतं आणि एक बॅकफायर झाला की स्फोट. तेलाचं सीलही कार्बनचं लागतं, नाहीतर बंद थ्रॉटलला तेल ओढलं जातं. कार्ब टर्बोच्या नंतर लावला तर अख्खा कार्ब दाबाखाली. फ्लोट चेंबरच्या व्हेंटला तोच दाब द्यावा लागतो, नाहीतर पेट्रोल जेटमधून (ते मापून सोडणाऱ्या बारीक भोकातून) यायच्या ऐवजी मागे ढकललं जातं. पोकळ पितळी फ्लोट चेपतो. थ्रॉटलच्या दांड्याशी गळती होते.

समीर : आणि पंप? मेकॅनिकल पंप ०.२५-०.३ बार देऊन थांबतो. तुला बूस्ट ०.४ अधिक कार्बचा ०.२५, म्हणजे ०.६५ लागणार. इलेक्ट्रिक पंप, बूस्टचा पाइप जोडलेला रेग्युलेटर आणि टाकीपर्यंत परतीची लाइन. एवढं करणारच असशील तर इंजेक्शन का नाही? ११० हॉर्सपॉवरला तासाला ४० लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे चार इंजेक्टर, प्रत्येकी मिनिटाला २५० सीसीचे.

नीलेश : सातपूरला बॉशचा कारखानाच आहे की!

समीर : तिथे मुख्यतः डिझेलचे बनतात. भंगारातल्या मारुतीचे घे, पण बेंचवर चारही तपासून, एकसारखं टाकतात का ते बघून.

मोईनभाई इंजेक्शनच्या बाजूचे नव्हते. ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) ट्यून करणारा माणूस कुठे आहे, हा त्यांचा सवाल. तो रास्त आहे. पण ई२०च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) मुद्द्यावर तेही नरमले. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला १३.५च्या जवळ. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आताच आठेक टक्के पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते आणि बूस्टखाली पातळ म्हणजे भोक पडलेला पिस्टन. धुरातून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून बूस्टमध्ये लॅम्डा ०.८०-०.८२ ठेवा (लॅम्डा १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त), यावर तिघांचं एकमत. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही इथेनॉल चालणाऱ्या रबराचे हवेत.

टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची याचा, ठोकताळा मोईनभाईंचा: बूस्टच्या दर ०.०७ बारला एक अंश मागे, म्हणजे ०.४ला साधारण सहा अंश. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम पाइपात एकतर्फी व्हॉल्व्ह टाका, नाहीतर बूस्ट त्याचा पडदा फाडतो. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), गॅप ०.६-०.७ मिलीमीटर, कारण दाबाखाली मोठ्या गॅपवर करंट तुटतो आणि गाडी मिस मारते.

मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा पाइपांचा जोड, हा समीरचा प्रांत. जाड भिंतीचा पाइप, १२ मिलीमीटरची फ्लँज (बोल्टने आवळायची सपाट पट्टी) आणि वेल्डिंग झाल्यावर फ्लँजची सर्फेस ग्राइंडिंग, हे न चुकता. वेल्डिंगमध्ये फ्लँज वाकतेच आणि लोक वाकलेली तशीच आवळतात. टर्बोला इंजिनच्या ब्लॉकवरून आधार द्या. नुसता मॅनिफोल्डवर लोंबकळला तर कोपऱ्यातून तडा ठरलेला.

तेल परत येणारी लाइन हा एकच भाग असा आहे, जिथे चांगले मिस्त्रीही फसतात. आत जाणारी लाइन बारीक चालते. बाहेर येणारी आतून १६ ते १९ मिलीमीटर हवी, कुठेही वर न चढता उतरती, आणि चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली. टर्बोतून तेल दाबाने नाही, नुसत्या वजनाने फेसाळत खाली येतं. वाट अडली की ते सीलमधून धुरात जातं आणि माणूस म्हणतो टर्बो गेला. क्रँककेसच्या ब्रीदरला (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला) व्हॉल्व्ह लावून तेल अडवणारा कॅच कॅन द्या, नाहीतर बूस्ट चेंबरमध्ये शिरतो आणि डिपस्टिक वर उडी मारते.

क्लच प्लेट नवी, ब्रेक फ्लुइड नवं, पुढचे पाइप नवे. यावर कोणी वाद घातला नाही.

नीलेश : आणि आरटीओ?

मी : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवरच्या माहितीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. कलम १८२अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी बदलावर बोट ठेवेल ते वेगळंच.

समीर : मग त्याला ४-२-१ हेडर (चाराचे दोन, दोनाचा एक होणारे धुराचे पाइप), पोर्ट साफ आणि कार्बची नीट जेटिंग एवढंच सांगा. दहा-एक हॉर्सपॉवर येतील आणि घाटात इंजिन तापणार नाही.

मोईनभाई : ते तो ऐकणार नाही. ऐक नीलेश, काही कापू नकोस. जुना मॅनिफोल्ड, कार्ब, डिस्ट्रिब्युटर, मेकॅनिकल पंप खोक्यात भरून ठेव. चेंबरला भोक पाडायचं तर दुसरा चेंबर शोध आणि त्याला पाड. फिटनेसला जायच्या आदल्या दिवशी सगळं जुनं परत बसलं पाहिजे, एका दिवसात.

नीलेश : दुसरा चेंबर कुठे मिळेल?

मोईनभाई : ते मी बघतो. तू आधी ते चार आकडे घेऊन ये.