कार्ड तेच, कर्नल नवा

उद्यमनगरात चालतं मशीन कुणी भंगारात घालत नाही. त्यामुळं टेस्टिंग बेंचचे पल्स मोजणारं, पीसीच्या आत बसणारं पीसीआय कार्ड दोन-तीन पीसी खाऊन शाबूत राहतं आणि नव्या पीसीत बसवायला आमच्याकडं येतं. सोबत एक सीडी. तिच्यात लिनक्स २.६.३२ साठीचा, म्हणजे २००९ सालच्या कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. नव्या पीसीवर उबुंटू लिनक्स २४.०४, कर्नल ६.८. मालकांचा प्रश्न बिनतोड: “कार्ड तेच हाय, वायरी त्याच हायत, मग चालंना कशानं?”

आता त्यांना काय सांगणार? लिनक्सचा बाणाच असा की बाहेरच्या प्रोग्रामला धक्का लावायचा नाही, पण आतली फंक्शन्स वाटेल तेव्हा बदलायची. ड्रायव्हर पडला आतला.

जुना ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधायला ‘मेक’ चालवलं की एररचा पाऊस. घाबरू नये; पहिली सोडवून परत मेक करावं, खालच्या निम्म्या तिच्याच पायी आलेल्या असतात. ‘डेव्हइनिट’ ही खूण कर्नल ३.८ मध्ये गेली, पुसून टाका. ‘आयओरिमॅप_नोकॅश’ ५.६ मध्ये गेलं, नुसतं ‘आयओरिमॅप’ लिहा. ‘क्लास_क्रिएट’ला ६.४ पासून एकच आर्ग्युमेंट. हे सगळं चहा गार व्हायच्या आत होतं.

टायमर मात्र लबाड. ४.१५ पासून कॉलबॅकला, म्हणजे वेळ झाली की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला, आपल्या डेटाऐवजी टायमरचाच पॉइंटर (पत्ता) मिळतो. त्यावरून आपलं स्ट्रक्चर, म्हणजे ड्रायव्हरच्या माहितीचा गठ्ठा, ६.८ मध्ये ‘फ्रॉम_टायमर’नं काढायचं. पण शॉर्टकटवाले कास्ट मारून, म्हणजे टाइप जबरदस्तीनं बदलून, कंपायलरचं तोंड बंद करतात. टायमर स्ट्रक्चरमध्ये अगदी पहिला असेल तर नशिबानं चालतंय. नसेल तर थेट ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आतच गडबड.

खरा नाद खुळा प्रकार आयओकंट्रोलचा, म्हणजे प्रोग्राम ज्यातून ड्रायव्हरला हुकूम देतो त्या फंक्शनचा. २.६.३६ मध्ये जुना ‘आयओसीटीएल’ काढला, उरला ‘अनलॉक्ड_आयओसीटीएल’. नाव बदला, रिटर्न टाइप लाँग करा, इनोडचं आर्ग्युमेंट काढा: कंपाइल होतं, चालतंही. फक्त पूर्वी कर्नल स्वतःच एक मोठं कुलूप लावून आत सोडायचा, ते आता नाही. आपल्या कार्डात आधी चॅनेल निवडायचा, मग लॅच (आकडा गोठवायचा), मग सोळा-सोळा बिटांचे दोन तुकडे वाचायचे. मधेच दुसरा प्रोग्राम घुसला की वरचा तुकडा पहिल्या चॅनेलचा, खालचा दुसऱ्याचा, आणि बेंचवरचा पंप कागदोपत्री विमानाच्या वेगानं फिरतो. एरर नाही, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, अक्षर नाही. म्हणून या सगळ्याभोवती स्वतःचा म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावायचा. कार्डानं हाक मारली की धावणारा इंटरप्ट हँडलरही तेच रजिस्टर हलवत असेल तर म्युटेक्सनं भागत नाही, तिथं ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’. आणि ‘कॉपी_टू_यूजर’, म्हणजे आकडा प्रोग्रामकडं पोचवणं, त्या लॉकच्या बाहेर, कारण ते झोपू (मधेच थांबून राहू) शकतं. माझं मत विचाराल तर एररपेक्षा बिनएररचं पोर्टिंग जास्त महाग पडतं.

मग इन्समॉड, म्हणजे तयार ड्रायव्हर (मॉड्यूल) कर्नलमध्ये घालणं. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं आत न घेणारी सोय, चालू असेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. मॉड्यूलवर सही करा, ‘मोकयुटिल’ या साधनानं सहीची की द्या, रीबूट करा. निळा पडदा येईल. दहा सेकंदांत बटण दाबलं नाही तर पीसी आपला पुढं निघून जातो. नेमका तेव्हाच कीबोर्ड ऑफिसातल्या पोरानं बिलं मारायला नेलेला असतो.

शेवटी डीकेएमएसमध्ये नोंद करायची, नाहीतर पहिल्याच कर्नल अपडेटला ड्रायव्हर मागं राहतो. अर्थात डीकेएमएस मॉड्यूल पुन्हा बांधतं, कोड दुरुस्त करत नाही. आणि याच ड्रायव्हरातलं ‘डेल_टायमर_सिंक’ हे टायमर थांबवणारं फंक्शन कर्नल ६.१५ मध्ये काढून टाकलंय.