मोफत प्रत कदापि घेऊ नका

घटस्फोटाचा निकाल लागेल त्या दिवशी कोर्टातून शक्य तितक्या लवकर बाहेर पडा. रिक्षा थांबवून ठेवली असेल तर उत्तम. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ च्या चौथ्या पोटकलमात लिहून ठेवलंय, की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत कोर्टाने दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची. असल्या आमिषाला भुलू नका. फुकट मिळालेल्या कागदाची किंमत राहत नाही. तोच कागद पंधरा वर्षांनी रजा टाकून, तिकिटं चिकटवून, दोन इमारतींचे जिने चढून मिळवला, की आपल्याही आयुष्यात मौल्यवान असं काही होतं हे पटतं.

मी २००८ साली हेच केलं. न्यायाधीशांनी निकाल वाचला, आईने पदराने डोळे पुसले, वकीलसाहेब म्हणाले, "कॉपीचं मी बघतो," आणि आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खायला गेलो. तसाही हुकूमनामा त्या दिवशी हातात पडत नाहीच. निकालानंतर पंधरा दिवसांत तो तयार करावा असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढायची. शहाण्याने ती एकदाही चढू नये म्हणतात, आम्ही तर दोन वर्षं चढउतार करून दमलो होतो. वकीलसाहेब अजून बघताहेत.

कागद लागेपर्यंत त्याची आठवण काढू नये, हा पुढचा नियम. तो लागतो तेव्हा नेमका घाईत लागतो. पुन्हा लग्न करायचं, विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यायची, अर्जात 'घटस्फोटित' या चौकटीत खूण करायची, आणि खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "सर्टिफाइड कॉपी?" तुम्ही प्रांजळपणे सांगता, की मी घटस्फोटित आहे हे मला नक्की माहीत आहे, मी तिथे हजर होते. यावर तो जे पाहतो त्याला मराठीत शब्द नाही.

मग थेट कौटुंबिक न्यायालयात जा. नावातच कुटुंब आहे, आपलेपणाने वागतील. आत गेल्यावर कळतं, की कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा असला तरी ही न्यायालयं सगळीकडे एकदम उगवली नाहीत. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत ती आधी काढायची होती, बाकीच्यांनी सवडीने. आमच्या शहराला ते मिळालं माझ्या निकालानंतर. नवं न्यायालय सुरू झालं तेव्हा चालू दावे त्याच्याकडे गेले, निकाली निघालेले जुन्या दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्येच राहिले. माझा संसार वेळेत मोडला, म्हणून मी चुकीच्या इमारतीत उभी होते. आणखी थोडी भांडत राहिले असते तर तो कागद लिफ्ट असलेल्या इमारतीत असता.

जुन्या कोर्टात गेल्यावर मात्र नंबर सांगू नका. नक्कल विभागाच्या खिडकीशी सरळ आपलं नाव सांगा. मी सांगितलं.

"नंबर?"

"नाही हो, पण साल २००८. जुलैमध्ये निकाल लागला. पाऊस होता."

"मॅडम, कोर्ट नंबराने ओळखतं."

कौटुंबिक न्यायालयात निदान अक्षरं तरी असतात. साध्या घटस्फोटाची याचिका 'ए', पोटगीची 'ई', परस्परसंमतीची 'एफ'. शाळेतल्या तुकड्यांसारखं, हुशार मुलं कोणत्या तुकडीत ते तुम्ही ठरवा. दिवाणी कोर्टात हिंदू विवाह अर्ज, पुढे आकडा, पुढे साल, संपलं. आणि साल निकालाचं नव्हे, अर्ज दाखल केल्याचं. आम्ही अर्ज केला २००६ मध्ये आणि सुटलो २००८ मध्ये, हे समजेपर्यंत खिडकी जेवायला गेली.

"ऑनलाइन बघा की," असं रांगेतला एक तरुण म्हणाला. हा सल्ला अवश्य ऐका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याची स्वतंत्र ओळख, टाकला, की सगळं क्षणात दिसतं. तो क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. जिल्हा, कोर्ट, साल, प्रलंबित की निकाली, आणि वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नाही हे सिद्ध करायचं. इतकं केल्यावर नाव घालायचं.

मराठी बाईला इथे खरी गंमत आहे. माझं माहेरचं नाव वैशाली. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मृण्मयी' असं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अर्ज दाखल झाला तो त्या तांदळावरच्या नावाने. आता आधार कार्डावर वैशाली, मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं; कोर्टात मृण्मयी, मधलं नाव ज्याच्याशी भांडण होतं त्याचंच, आडनावही त्याचंच. कुणाविरुद्ध दाद मागायची तर आधी त्याचं नाव लावून यायचं, ही शिस्त मला आवडते. त्यातून रोमन लिपीत मृण्मयी किती प्रकारे लिहिता येतं ते मी एका दुपारी मोजत होते. अकरावर थांबले. दरवेळी पडद्यावर एकच उत्तर, नोंद आढळली नाही. इतक्या जुन्या निकाली प्रकरणांची नोंद संगणकात असेलच असं नाही, हे नंतर एका शिपायाने सांगितलं. त्याला मी अकरा प्रकार सांगितल्यावर त्याने बारावा सुचवला.

आता माहितीच्या अधिकाराकडे वळा. हा सल्ला देणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो आणि तो 'ठोका' हे क्रियापद वापरतो. दहा रुपयांचा स्टॅम्प लावा, अर्ज ठोका. मी ठोकला. तीस दिवसांच्या आत नम्र उत्तर आलं, की नक्कल हवी असल्यास न्यायालयाच्या नियमांप्रमाणे अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात तेच ठरवलं आहे: कोर्टाच्या कागदांना कोर्टाचे नियम, माहितीचा अधिकार तिथे लागायचा नाही. त्रयस्थ माणसाला प्रत हवी असेल तर त्याने कारण सांगून प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा.

त्रयस्थ माणूस. या शब्दापाशी मी जरा थांबले. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ म्हणतं, की अशी प्रकरणं बंद दाराआड चालवायची आणि त्यातला मजकूर कुणी छापला किंवा प्रसिद्ध केला तर हजार रुपयांपर्यंत दंड. ही गोपनीयता माझ्या बाबतीत काटेकोर पाळली गेली. म्हणजे माझ्यापासून. बाकी सगळ्यांना सगळं माहीत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना पोटगीची रक्कम माहीत होती. मंगळागौरीला न बोलावणाऱ्या बायकांना तारीख माहीत होती. आणि सुलूआत्याला तर न्यायाधीशांनी निकाल वाचताना चष्मा कितीदा पुसला तेही माहीत होतं, ती त्या दिवशी कोर्टात आलेली नसताना. हजार रुपयांच्या हिशोबाने आमच्या आत्याने शासनाला एखादा पूल बांधून दिला असता.

पूर्वी असं लपवाछपवीचं नव्हतं. रखमाबाईंचा खटला घ्या. नवरा दादाजी नांदायला बोलावतोय, या जात नाहीत. १८८५ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला तो त्यांच्या बाजूने, १८८७ साली उलटा, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं रकाने भरले, इंग्लंडातही चर्चा झाली. तो १८८५ चा निकाल कायद्याच्या जुन्या छापील खंडात आजही कुणालाही वाचता येतो. अर्ज नको, तिकीट नको, नंबर पाठ नको. माझा २००८ चा मात्र मला वाचायचा होता.

शेवटी मी रेकॉर्ड कीपरकडे गेले नाही, वकिलाकडे गेले नाही, सुलूआत्याकडे गेले. ती ब्लडप्रेशरची गोळी शोधत होती. मी विचारलं, "आत्या, माझ्या केसचा नंबर काय होता गं?" तिने वर न बघता सांगितलं, "दोनशे चौदा, दोन हजार सहा. माझा फ्लॅट दोनशे चौदा ना, म्हणून लक्षात." शासनाने सीएनआरऐवजी आत्यांची नोंदणी केली असती तर सोळा अक्षरं वाचली असती.

नंबर मिळाल्यावर वाचकांनी अर्जात फक्त 'निकालाची प्रत' असं लिहावं. मी लिहिलं. कोर्ट फी स्टॅम्प लावला, थुंकीने चिकटेना म्हणून झेरॉक्सवाल्याचा डिंक लावला. मग अर्ज रेकॉर्ड रूमला गेला. मीही मागोमाग गेले, दारापर्यंत. आत लोखंडी मांडण्या छतापर्यंत, त्यांवर कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे, लाल रंग बहुतेकांचा विटकरी झालेला. प्रत्येक गाठीखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी, मार्करने साल. शिपायाने शिडी लावली, एक रुमाल खाली घेतला, खांद्यावर धूळ झटकली आणि गाठ सोडली. त्यात चाळीस-पन्नास जोडपी एकमेकांना खेटून पडली होती. जी माणसं एका छताखाली राहू शकली नाहीत ती इथे एका फडक्यात निमूट होती. माझी फाइल पिवळी, कोपरा उंदराने कुरतडलेला, पण रोजनाम्यावर सगळ्या तारखा शाबूत. 'अर्जदार हजर. जाबदेणार गैरहजर. तारीख वाढवून.' दोन वर्षांचं लग्न इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

प्रत तीन आठवड्यांनी मिळाली. ती निकालपत्राची. विवाह अधिकाऱ्याला हवा होता हुकूमनामा. हे दोन वेगळे कागद असतात, निकालपत्रात न्यायाधीशांनी का ठरवलं ते आणि हुकूमनाम्यात काय ठरवलं ते. मला 'का' मिळालं होतं, जे मला आधीपासून ठाऊक होतं. परत अर्ज, परत डिंक. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे म्हणणाऱ्याने परस्परसंमतीचं कलम १३ ब वाचलं असावं. तिथेही सहा महिनेच थांबायला सांगितलंय. तो अवधी योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. म्हणीला मात्र अपील नाही.

पण मिळालेली वस्तू देखणी होती. प्रत्येक पानावर गोल शिक्का, खाली 'खरी नक्कल'. हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदवणं फक्त कोर्टालाच जमतं. शेवटच्या पानामागे छोटा तक्ता: अर्ज दिल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. नकलेची जन्मपत्रिकाच. अपिलाची मुदत मोजताना प्रत मिळवण्यात गेलेले दिवस वजा करतात, म्हणून तो तक्ता. कोर्टाने स्वतःचा वेळ मोजून लिहून दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

असा कागद हाती आल्यावर करायचं काय, तर ताबडतोब लॅमिनेट. दहावीचं मार्कशीट, रेशन कार्ड, बाबांचा निवृत्तीचा आदेश, आमच्या घरात महत्त्वाचं सगळं प्लास्टिकमध्ये आहे. चौकातल्या दुकानात पानागणिक वीस रुपये देऊन मी हुकूमनामा कडक, चकचकीत, जलरोधक करून घेतला. आठ महिन्यांनी नव्या नवऱ्याची बदली परदेशात झाली आणि तिथल्या नोंदणीसाठी अ‍ॅपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लावायचं प्रमाणपत्र, लागेल असं कळलं. भारत २००५ पासून अ‍ॅपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे एका स्टिकरवर भागतं. स्टिकर आणि शिक्के कागदाच्या मागे उमटवतात. प्लास्टिकवर नाही. एजंटाने माझी प्रत उजेडाकडे धरून पाहिली आणि परत केली.

नक्कल विभागाची खिडकी त्याच जागी होती. मी अर्ज पुढे सरकवला, या वेळी नंबर मोठ्या अक्षरात वरच लिहिला होता, हुकूमनामा या शब्दाखाली दोन रेघाही मारल्या होत्या. क्लार्कने अर्जाकडे पाहिलंही नाही.

"दोनशे चौदा ना?" तो म्हणाला. "बसा. डिंक तिकडे ठेवलाय."