व्हिटकरने स्वतःचे कान स्वतःच कापले म्हणे!

नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डना उत्तर द्यायचं नाही, असं माझं धोरण आहे. हळदीच्या दुधाने काय काय बरं होतं ते मी मुकाट वाचते आणि पुढे जाते. पण दादाने परवा जे टाकलं, त्याखाली माझ्या भाच्याने अंगठा दिला. भाचा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. अंगठ्याबरोबर त्याने लिहिलं, ‘बरोबर आहे. रडणाऱ्यांनी तिकडे जाऊच नये.’ आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

फॉरवर्डचं नाव ‘वेस्ट पॉइंटचा धडा’. अमेरिकेच्या लष्करी अकादमीबद्दलचा आहे आणि भरपूर फिरलेला दिसतोय, कारण दोन दिवसांत तो मला आणखी दोन ग्रुपवर भेटला. म्हणणं थोडक्यात असं: १८८० मध्ये व्हिटकर नावाच्या काळ्या कॅडेटने परीक्षा चुकवायला स्वतःचे कान कापून घेतले, स्वतःला पलंगाला बांधलं आणि वंशद्वेषाची बोंब मारली, कोर्टाने ते सिद्ध केलं. असले कॅडेट ‘कोट्यातून’ आलेले होते. वेस्ट पॉइंटचा कॅडेट खोटं बोलत नाही, त्यामुळे तिथे भेदभाव शक्यच नाही. बेंजामिन डेव्हिस या काळ्या कॅडेटशी चार वर्षं कुणी बोललं नाही, म्हणून तो जनरल झाला. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती मॅकार्थर याने रॅगिंग सोसलं, म्हणून तो मॅकार्थर झाला. तात्पर्य, सीनियरची तक्रार करणारा अकादमीची इज्जत घालवतो.

व्हिटकरपासूनच घेते, कारण सगळ्यात संतापजनक तेच आहे.

जॉन्सन व्हिटकर साउथ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मला आणि १८७६ मध्ये वेस्ट पॉइंटला दाखल झाला. पहिलं वर्ष त्याच्या खोलीत हेन्री फ्लिपर होता. फ्लिपर १८७७ मध्ये पदवी घेऊन गेला, तो तिथला पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. नंतर व्हिटकर खोलीत एकटा राहिला, कारण त्याच्याबरोबर राहायला कुणी गोरा कॅडेट तयार नव्हता. १८८० मध्ये अख्ख्या अकादमीत कृष्णवर्णीय असा तो एकच होता. कामापलीकडे त्याच्याशी कुणी बोलत नसे. एका कॅडेटने त्याच्यावर हात टाकला तेव्हा त्याने उलट हात न उचलता नियमाप्रमाणे तक्रार केली, तर तो भित्रा ठरला.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याला निनावी चिठ्ठी आली: तुझा बंदोबस्त होणार आहे, जागा राहा. ६ एप्रिलच्या सकाळी तो हजेरीला आला नाही. खोलीत पाहिलं तर जमिनीवर पडलेला, पाय पलंगाला बांधलेले, हात बांधलेले, कानांवर वार, केस कुठेकुठे कापलेले, सगळीकडे रक्त. त्याने सांगितलं की रात्री मुखवटे घातलेले तिघे आले होते आणि ‘दक्षिणेत डुकरांना खूण करतात तशी याला करू’ असं त्यांच्यातला एक म्हणाला.

अकादमीच्या डॉक्टरने पाहिलं आणि सांगितलं, बेशुद्धीचं सोंग आहे. कॅडेटांच्या शिस्तीचे अधिकारी (कमांडंट) हेन्री लॅझेल यांनी एक-दोन दिवसांत निष्कर्ष काढला की हे त्याने स्वतःच केलं. चौकशी झाली, तिनेही तेच म्हटलं. दादा, इथवर तुझा फॉरवर्ड बरोबर आहे, आणि हल्लेखोर कधीच सापडले नाहीत हेही खरं. पण गोष्ट इथे संपत नाही.

आधी ते परीक्षेचं पाहू. परीक्षा होती जूनमध्ये. एप्रिलमध्ये कानांवर वार करून घेतल्याने जूनची परीक्षा कशी चुकते, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने समजावून सांगावं. शिवाय व्हिटकरने ती परीक्षा चुकवलीच नाही. स्वतःवर आरोप असताना तो परीक्षेला बसला आणि एका विषयात नापास झाला. विषय ‘नॅचरल फिलॉसॉफी’, आजच्या भाषेत भौतिकशास्त्र. तिथला पहिला कृष्णवर्णीय कॅडेट जेम्स वेबस्टर स्मिथ यालाही १८७४ मध्ये याच विषयात नापास करून घरी पाठवलं होतं.

आणि कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटला, व्हिटकरने स्वतः मागून घेतलं. सोंग करणारा माणूस पहिल्या फेरीत पकडला गेल्यावर दुसरी, अधिक कडक फेरी मागतो का? १८८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते काही महिने चाललं. त्याच्या बाजूने साउथ कॅरोलिनाचे माजी गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन उभे राहिले. फिर्यादी पक्षाचे आसा बर्ड गार्डिनर यांनी कोर्टात जे मांडलं त्याचा सारांश असा, की सोंग करण्यात निग्रो वाकबगार असतात हे सर्वांना ठाऊक आहे. मुख्य पुरावा हस्ताक्षरतज्ज्ञांचा: धमकीची चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली आहे. शिक्षा ठरली बडतर्फी, एक डॉलर दंड आणि वर्षभर सक्तमजुरी. दंड आणि मजुरी माफ करावी अशी शिफारसही त्याच कोर्टाने केली.

फॉरवर्ड इथे पूर्णविराम देतो. पुढचं असं: मार्च १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी तो निकाल रद्द केला. हस्ताक्षराचा तो पुरावा ज्या पद्धतीने दाखल केला ती कायद्यात बसत नव्हती, असा सरकारच्याच कायदा सल्लागारांचा अभिप्राय होता. म्हणजे ‘कोर्टाने सिद्ध केलं’ हे वाक्य १८८२ पासून खोटं आहे. तरी त्याच दिवशी युद्धमंत्र्यांनी व्हिटकरला काढून टाकलं, कारण काय तर जून १८८० ची ती परीक्षा! युद्धमंत्र्यांचं नाव रॉबर्ट लिंकन, गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचे चिरंजीव.

व्हिटकर पुढे वकील झाला, शिक्षक झाला, १९३१ मध्ये गेला. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला मरणोत्तर कमिशन, म्हणजे अधिकारीपद, दिलं आणि पुरावा म्हणून जप्त केलेलं त्याचं बायबल त्याच्या वंशजांच्या हाती ठेवलं. वंशजांमधला त्याचा नातू दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय वैमानिकांच्या, दलात होता.

आता ‘कोटा’. हा शब्द कुणासाठी पेरलाय ते न कळण्याइतके आपण दुधखुळे नाही. वेस्ट पॉइंटला जायला सहसा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याची शिफारस लागते आणि ती तेव्हाही लागत असे. स्मिथला आणि व्हिटकरला सॉलोमन होग या खासदाराची मिळाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला यूलिसिस ग्रँट तसाच गेला. फॉरवर्डचा लाडका डग्लस मॅकार्थरही तसाच गेला, बाप जनरल असताना. शिफारशीने येणं हा डाग असेल तर तो सगळ्यांना आहे.

याच सदरात एक माणूस आठवतो. तेव्हाचे अकादमीप्रमुख जनरल जॉन स्कोफील्ड यांनी १८८० च्या वार्षिक अहवालात लिहिलं, की गुलामीत जन्मलेल्या मुलाला वेस्ट पॉइंटला पाठवणं म्हणजे शेतातल्या साध्या घोड्याला खानदानी इंग्लिश घोड्यांबरोबर चार मैलांच्या शर्यतीत सोडणं. चौकशी ज्यांच्या अखत्यारीत झाली ते गृहस्थ हे. नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

‘वेस्ट पॉइंटचा कॅडेट खोटं बोलत नाही’ हा मुद्दा मात्र मला वाटतं लिहिणाऱ्याने न कळत बरोबर जागी ठेवलाय. कारण व्हिटकरच्या विरुद्धचा खरा पुरावा हाच होता. बाकी कॅडेटांना विचारलं, तुम्ही केलं का, कुणी केलं ते माहीत आहे का? सगळे नाही म्हणाले. कॅडेट खोटं बोलत नाही, म्हणजे सगळे खरं बोलतायत, म्हणजे खोटं बोलणारा एकच उरतो. व्हिटकरही कॅडेटच होता, त्याचाही शब्द त्याच इज्जतीखाली होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. इज्जत म्हणून जी होती ती कळपाची होती.

आणि खोटं न बोलण्याचं म्हणाल तर १९५१ मध्ये परीक्षेतल्या कॉपीवरून ८० हून अधिक कॅडेट गेले, त्यात फुटबॉल संघाचे पुष्कळजण आणि खुद्द प्रशिक्षकाचा मुलगा. १९७६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या गृहपाठ-परीक्षेवरून इतकं मोठं प्रकरण झालं की अंतराळवीर फ्रँक बोरमन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. २०२० मध्ये गणिताच्या ऑनलाइन परीक्षेत ७० हून अधिक जणांवर ठपका आला. तिथली मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती मुलं आहेत, एवढंच.

डेव्हिसचं ऐकून तर मी मोबाइल बाजूला ठेवला. बेंजामिन ओ. डेव्हिस (धाकटे) १९३२ मध्ये दाखल झाले. पहिल्याच काही दिवसांत तळघरात भरलेली कॅडेटांची बैठक त्यांच्या कानावर पडली. विषय होता, या काळ्याचं काय करायचं? त्यानंतर चार वर्षं त्यांना वाळीत टाकलं. खोलीत सोबती नाही, जेवताना शेजारी कुणी बोलत नाही, कामाचं सोडून एक शब्द नाही. ही ‘सायलेन्स’ची शिक्षा ऑनर कोड (खोटं न बोलण्याचा, न फसवण्याचा तिथला नियम) मोडूनही अकादमी न सोडणाऱ्यासाठी होती आणि ती १९७३ पर्यंत चालली. डेव्हिस यांनी काही मोडलं नव्हतं. महाराष्ट्रात माणसाला वाळीत टाकणं २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला आपल्याच ग्रुपवर ‘ट्रेनिंग’ म्हणून टाळ्या पडाव्यात!

ते जनरल झाले, खरं आहे. २७६ जणांत ३५वे आले, टस्कीगीच्या वैमानिकांचं नेतृत्व केलं, अमेरिकी हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. पण वाळीत टाकण्याने जनरल होत असते तर ती सोय गोऱ्या मुलांना का नाही दिली? त्याच १९३६ च्या बॅचचा मुख्य कॅडेट विल्यम वेस्टमोरलंड, पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचा सेनापती. त्याच्याशी चार वर्षं सगळे बोलत होते, आणि त्याचंही काही अडलं नाही. डेव्हिस अधिकारी होऊन पहिल्या नेमणुकीवर गेले तेव्हा फोर्ट बेनिंगच्या ऑफिसर्स क्लबने त्यांना आत घेतलं नाही. चार वर्षांच्या ‘धड्या’तून बाकीचे काय शिकले ते यावरून दिसतं.

राहिला मॅकार्थर आणि रॅगिंग. त्याने १८९९ च्या उन्हाळ्यात सीनियरांचा रगडा सोसला, इतका की शेवटी पाय आपोआप आपटायला लागले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने सोबत्याला पायांखाली ब्लँकेट घालायला सांगितलं. त्याने तक्रार केली नाही, हेही खरं, देऊन टाकते. पण फॉरवर्डला पुढचं माहीत नाही. ऑस्कर बूझ नावाचा एक मुलगा १८९८ मध्ये चार महिन्यांत अकादमी सोडून गेला आणि १९०० मध्ये क्षयाने वारला. जेवताना त्याच्या घशात तिखटजाळ सॉस ओतायला लावलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. रॅगिंगनेच तो मेला असं काँग्रेसच्या समितीला म्हणता आलं नाही, पण समोर जे आलं त्यावर १९०१ मध्ये रॅगिंगविरुद्ध कायदा झाला. मॅकार्थरची साक्षही त्याच समितीपुढे झाली. आणि १९१९ मध्ये तोच अकादमीचा प्रमुख म्हणून परत आला तेव्हा त्याने नव्या मुलांचं उन्हाळी शिक्षण सीनियरांच्या हातून काढून अधिकाऱ्यांकडे दिलं. रॅगिंगचे इतके फायदे ज्याला झाले त्याने हे का केलं असेल?

शिस्तीसाठी कष्ट हवेत, पहाटे पळवायला हवं, चुकलं तर पुन्हा पळवायला हवं, याला कुणाचीच ना नाही. त्याला रॅगिंग म्हणत नाहीत. यावर मला दुसऱ्या कुणाचा दाखला द्यायची गरज नाही, वेस्ट पॉइंटचाच पुरे आहे. ११ ऑगस्ट १८७९ ला तिथल्या प्रमुखांनी कॅडेटांपुढे भाषण केलं: स्वतंत्र देशाच्या सैनिकाला लढाईत भरवशाचा बनवणारी शिस्त कठोर किंवा जुलमी वागणुकीने येत नाही. उलट अशा वागणुकीने सैन्य घडण्याऐवजी मोडण्याचाच संभव जास्त. हा उतारा तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून आजही पाठ करून घेतात. भाषण करणारे जनरल जॉन स्कोफील्ड. तेच, घोड्यांचे. पुढच्याच एप्रिलमध्ये व्हिटकर रक्तात सापडला. पाठ करायला दिलेलं वाक्य चोख आहे, फक्त ज्याने ते म्हटलं त्याने आठ महिन्यांनी ते एकाच कॅडेटला लागू केलं नाही.

तक्रार म्हणजे इज्जत घालवणं, याला एका ओळीत उत्तर आहे. वेस्ट पॉइंटचा आजचा ऑनर कोड सांगतो, कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही आणि असं करणाऱ्यांना खपवूनही घेणार नाही. शेवटचा तुकडा फॉरवर्डमध्ये कापलाय. भाच्याला तो मी वेगळा पाठवला आहे.

जाता जाता, ‘खोटारडा व्हिटकर’ म्हणून फॉरवर्डला जो गणवेशातला फोटो जोडलाय तो व्हिटकरचा नाही, फ्लिपरचा आहे. या फ्लिपरवरही पुढे १८८१ मध्ये टेक्सासमध्ये अफरातफरीचा खटला झाला. अफरातफरीतून तो सुटला, पण ‘अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन’ म्हणून त्याला १८८२ मध्ये सैन्यातून काढलं. १९७६ मध्ये सैन्याने ती बडतर्फी बदलून त्याला सन्मानाने सेवामुक्त मानलं आणि १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. तेव्हा दादा, निदान फोटो तरी काढ.